मलेशियात चेंडोल आणि आइस काचांग खात फिरलो, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

मलेशियाला जाऊन आलेल्यांना तिथे गोड काय खाल्लंत असं विचारलं की बरेचजण मॉलमधलं आइस्क्रीम सांगतात नाहीतर हॉटेलच्या बुफेतला केक. ट्विन टॉवर, गेंटिंग, बाटू केव्ह्ज सगळं होतं आणि चेंडोल राहून जातं. म्हणून हे लिहितेय. आम्ही नवरा-बायको, मुलगी आणि सासूबाई, क्वालालंपूर, मलाक्का, मग ट्रेनने इपोह करत पिनांग असा रूट होता आणि खरं सांगायचं तर म्युझियमच्या वेळा नंतर बघितल्या, आधी चेंडोलची कुठली गाडी कधी बंद होते ते बघितलं.

आधी बेसिक. बर्फाचे मुख्य प्रकार दोन. चेंडोल म्हणजे किसलेला बर्फ, नारळाचं दूध, गुला मेलाका म्हणजे ताडा-माडाच्या रसाचा काळपट गूळ वितळवून केलेला पाक, शिजवलेले लाल बीन्स, आणि त्यात हिरव्यागार मऊ शेवया. या शेवया तांदळाच्या नाहीतर मुगाच्या पिठाच्या, पीठ शिजवून भोकांच्या चाळणीतून थेट गार पाण्यात पाडतात, आणि हिरवा रंग पांडानच्या पानांचा (आपल्याकडे भाताला वास यावा म्हणून कुंडीत अन्नपूर्णेचं पान लावतात ना, तेच. स्वस्त ठिकाणी मात्र सरळ खायचा रंग असतो). दुसरा आइस काचांग, मेन्यूवर एबीसी लिहिलेलं दिसलं तरी तोच. यात बर्फाचा डोंगर, त्यावर गुलाबाचं लाल सिरप, गुळाचा पाक, आटवलेलं दूध, आणि खाली दडवलेले बीन्स, मक्याचे दाणे, ग्रास जेली, शेंगदाणे, आणि निपा पामची पारदर्शक फळं जी चावायला ताडगोळ्यासारखी लागतात. गोडात राजमा आणि मका ऐकून नाक मुरडू नका, बीन्स साखरेत शिजवलेले असतात आणि बर्फाच्या मध्येच दाताखाली आले की बरं वाटतं.

आता पिनांग. जॉर्ज टाउनमध्ये पिनांग रोडवरून आत जाणारी लेबुह केंग क्वी नावाची बारकी गल्ली आहे, तिथे पिनांग रोड फेमस तिओच्यू चेंडुलची गाडी, 1936 पासूनची. समोरासमोर दोन गाड्या आहेत, दोन्ही चेंडोलच्याच, आणि कुठली चांगली यावर तिथले लोक हिरिरीने भांडतात. रांग बघून घाबरू नका, पटापट सरकते कारण बनवणाऱ्याचे हात मशीनसारखे चालतात, वाटी, बर्फ, शेवया, बीन्स, दूध, पाक, झाली तुमची वाटी. बसायला जागा जवळजवळ नाहीच, भिंतीला टेकून उभ्यानेच खायचं. बाजूच्या हॉटेलात बसायचं असेल तर तिथलं काहीतरी मागवावं लागतं, नुसती वाटी घेऊन टेबल अडवलं तर ओरडा बसतो.

सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अगो, हा माडाचा गूळ आहे." मी म्हटलं आई, थोडा वेगळा असेल. "वेगळा कसला, माझ्या आईच्या पातोळ्यांत हाच असायचा." आणि खरंच, गोव्यात आणि तळकोकणात माडाच्या सुरापासून जो काळा गूळ करतात त्याच घराण्यातली ही चव, थोडी धुरकट, थोडी खारट. नारळाच्या दुधात चिमूटभर मीठ घालतात त्यामुळे गोडाचा ओशटपणा येत नाही. तर माझं मत असं की चेंडोल चांगलं की वाईट ते नव्वद टक्के या पाकावर ठरतं, बाकी वर आइस्क्रीम ठेवा नाहीतर सोन्याचा वर्ख लावा. मलाक्क्याला जोंकर स्ट्रीटवरच्या एका झगमगीत दुकानात आम्हाला जे दिलं त्यात पाक म्हणून साखरेचं तपकिरी पाणी होतं, वाटी दुप्पट मोठी, किंमतही दुप्पट, मुलीने फोटो काढला आणि अर्धं टाकलं. दोन घरं पलीकडे एका साध्या दुकानात त्याच संध्याकाळी दाट, चमच्यावरून हळू ओघळणारा पाक मिळाला. गुळाचं नाव मलाक्क्याचं आणि बनावट पाकही सर्रास तिथेच, असो. ओळखायची खूण एकच, पाक पातळ आणि एकसारखा लालसर दिसला तर पुढे चला. जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार फक्त शुक्रवार ते रविवार असतो, गर्दी सहन होत असेल तरच त्या दिवशी जा.

आइस काचांगसाठी पिनांग रोडवरच केक सेंग नावाचं जुनं कॉफी शॉप आहे, 1906 चं, संगमरवरी टेबलं, वर पंखे, आणि बर्फावर त्यांचं स्वतः बनवलेलं ड्युरियन (फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ) आइस्क्रीम. ड्युरियन नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर तो वास कशानेही जात नाही. माझ्या नवऱ्याला आवडलं, मला अजिबात नाही, मुलीने नाक दाबून दोन चमचे खाल्ले आणि मग दाबायची सोडून दिली. खायचंच असेल तर अख्खं फळ विकत घेण्यापेक्षा आइस्क्रीमपासून सुरुवात करा, आणि फळ हॉटेलच्या रूमवर नेऊ नका, बऱ्याच हॉटेलांत बंदी असते आणि दंडही लावतात. पिनांगमध्ये काही ठिकाणी आइस काचांगमध्ये जायफळाच्या फळाचा मुरवलेला कीस घालतात, तो मिळाला तर सोडू नका, आंबट-तिखट-गोड एकदम.

बर्फ नको असेल तर बाकी पण पुष्कळ आहे. क्वालालंपूरच्या पेतालिंग स्ट्रीटवर एअर माता कुचिंग म्हणून लोंगान फळाचं गार सरबत मिळतं, चालून दमल्यावर उत्तम. इपोहला तौ फू फा, म्हणजे सोयाच्या दुधाचं गरम गरम थरथरतं दही म्हणा हवं तर, वर साखरेचा पाक, फनी माउंटन नावाचं छोटं दुकान प्रसिद्ध आहे पण सकाळीच जा, माल संपला की शटर खाली. संध्याकाळी पिनांगच्या किंबर्ली स्ट्रीटवर चिनी गोड सूपच्या गाड्या लागतात, लोंगान, कमळबिया, रताळं, पांढरी बुरशी वगैरे, गरम किंवा गार. सासूबाईंना बुरशी म्हटल्यावर आधी पटेना, मग वाटी संपवली. साबुदाण्याचं गुला मेलाका घातलेलं पुडिंगही त्यांना फार आवडलं, तिथला मूळ साबुदाणा सागो पामच्या खोडाचा, आपल्यासारखा टॅपिओकाच्या कंदाचा नाही, त्यावर उपवासाला चालेल का अशी टेबलावर चर्चा झाली, निकाल लागला नाही.

शाकाहारी लोकांसाठी: साधं चेंडोल आणि आइस काचांग बिनधास्त खा. जेली बहुतेक ठिकाणी अगर-अगरची म्हणजे समुद्री शेवाळाची असते, ग्रास जेली एका झाडपाल्याची, पण मॉडर्न डेझर्ट कॅफेमध्ये पुडिंग असेल तर जिलेटिन आहे का विचारा. टोस्टबरोबर मिळणाऱ्या काया जॅममध्ये अंडं असतं. गोड सूपच्या दुकानात बर्ड्स नेस्ट लिहिलेलं असेल तर ती पक्ष्याच्या लाळेची घरटी असतात, माहीत असलेलं बरं.

पैशांचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा गाडीवरची वाटी साधारण चार ते सात रिंगिट होती, आणि एक रिंगिट म्हणजे वीस-बावीस रुपये. गाड्यांवर कार्ड चालत नाही, सुटे ठेवा, टिश्यू पेपर स्वतःचे न्या. कमी गोड हवं तर "कुरांग मानिस" म्हणा, लगेच कळतं. पार्सल अजिबात घेऊ नका, पाच मिनिटांत सूप होतं. वय झालेले लोक किंवा छोटी मुलं बरोबर असतील तर गर्दीच्या गाडीवरच खा, जिथे बर्फाची लादी सतत संपतेय. प्रत्येक दुकानाची आठवड्याची सुट्टी वेगळी, बऱ्याच ठिकाणी मंगळवार-बुधवार बंद, आदल्या रात्री मॅपवर बघा. पिनांगला दुपारी अडीच-तीनला जाणं सगळ्यात वाईट, उन्हात रांग आणि वरून पाऊस, सकाळी अकराच्या आसपास गेलात तर निवांत.

क्वालालंपूर ते मलाक्का टीबीएस टर्मिनलवरून बस, दोन-अडीच तास. पिनांगला ईटीएस ट्रेन बटरवर्थपर्यंत, चार तासांच्या वर, इपोह त्याच लाइनवर लागतं, आणि बटरवर्थहून फेरीने जॉर्ज टाउन, ती फेरी चुकवू नका. वीकेंडची तिकिटं आधी काढा. भारतीयांना सध्या 30 दिवस व्हिसा लागत नाही पण डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं, आणि नियम बदलत असतात तर तिकीट काढायच्या आधी एकदा तपासा.

गूळ घरी आणायचा असेल तर मलाक्क्याच्या बाजारात दंडगोल ढेपा मिळतात. पॅकेटवर साखर, म्हणजे गुला पासिर, घटकांत पहिली लिहिलेली असेल तर घेऊ नका. ढेप थोडी मऊ आणि ओलसर असते, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून चेक-इन बॅगेत टाका, आमची एक ढेप उन्हात वितळून सासूबाईंच्या शालीला लागली होती, दोन धुण्यांत निघाली.