तुम्ही विचारलंत म्हणून: तो नकाशा ओला का दिसतो?

मार्क्स बंधू, म्हणजे ग्राउचो, चिको, हार्पो ही अमेरिकी विनोदी नट भावंडं. त्यांचा 'द कोकोनट्स' (1929) कुणाला पाहायला सुचवला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला नकाशाचा. फ्लोरिडात हॉटेल चालवणारा आणि प्लॉट विकणारा ग्राउचो चिकोला जमिनीचा नकाशा उलगडून दाखवतो, तेव्हा तो कागद नुकत्या पिळलेल्या पंचासारखा लोंबतो. त्यावर कुणी पाणी सांडलं का? दुसरा प्रश्न जरा नाराजीचा असतो. सगळं इतकं नाटकासारखं का, माणसं एका जागी खिळून का बोलतात, आणि हे आज पाहायचं तरी कसं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, मायक्रोफोन.

कागदापासून सुरुवात करू. त्या काळचे मायक्रोफोन चहूबाजूंचा आवाज सारखाच टिपत. बोलणाऱ्याकडे तोंड करून बाकीचं गाळायची सोय त्यांच्यात नव्हती. कोरडा कागद चुरगळला की त्यावरचे बाक झटक्यात एका बाजूकडून दुसरीकडे उलटतात आणि अगदी क्षणभराचे, पण टोकदार आवाज निघतात. कानाला ती नुसती कुरकुर वाटते. आवाजाची पट्टी उमटवणाऱ्या यंत्रणेला मात्र असे टोकदार आवाज पेलत नसत, आणि पडद्यावर घडी उघडण्याचा आवाज गोळीबारासारखा येई. त्याच्याखाली संवाद बुडून जाई. या प्रवेशाचे 27 टेक वाया गेले, मग दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरी याला कागद भिजवायची युक्ती सुचली आणि 28 वा टेक लागला, असं सांगतात. भिजलेला कागद मऊ पडतो, त्याचे बाक असे झटक्यात उलटत नाहीत, म्हणून आवाज होत नाही. एकदा हे कळलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. हॉटेलच्या काउंटरवर हार्पो पाहुण्यांची टपालं फाडत सुटतो, तेव्हा कागद कसा फाटतो ते बघा.

आता 'नाटकासारखं' या तक्रारीकडे वळू. ते नाटकच होतं. 8 डिसेंबर 1925 रोजी न्यूयॉर्कच्या लिरिक थिएटरात हे संगीत नाटक लागलं. संहिता जॉर्ज एस. कॉफमनची, गाणी आयर्व्हिंग बर्लिनची. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागात, 276 प्रयोग झाले, मग दौरे. भाऊ रोज मनाला येईल ते घुसडत. विंगेत उभा असलेला कॉफमन एकदा मध्येच दचकला म्हणे, मूळ संहितेतलं एखादं वाक्य ऐकू आल्यासारखं वाटलं म्हणून. चित्रपटासाठी या सगळ्याची काटछाट मॉरी रिस्किंड याने केली.

विषय फ्लोरिडातल्या प्लॉटविक्रीचा. 1920 च्या दशकात तिथे जमिनीचं वेड इतकं वाढलं होतं की टोकन भरल्याची पावतीच लोक दुसऱ्याला चढ्या भावाने विकत. प्लॉट बघायला कुणी जात नसे, आणि गेलंच तर काही ठिकाणी तो दलदलीत सापडे. नाटक लागलं तेव्हा हे वेड ऐन भरात होतं. सप्टेंबर 1926 मध्ये मायामीवर मोठं वादळ आदळलं आणि उरलासुरला फुगा फुटला. म्हणजे 1929 च्या प्रेक्षकाला ग्राउचोची प्लॉटविक्री हसण्यासारखी वाटत होती, कारण हात आधीच पोळले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉल स्ट्रीटवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात, काय वाढून ठेवलं आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

चित्रीकरण हॉलिवूडला न होता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत झालं. कारण साधं आहे: भाऊ तेव्हा रात्री ब्रॉडवेवर 'अ‍ॅनिमल क्रॅकर्स' या पुढच्या नाटकाचे प्रयोग करत होते. दिवसा एक नाटक कॅमेऱ्यासमोर, रात्री दुसरं प्रेक्षकांसमोर. फ्लोरिडाचा किनाराही स्टुडिओतच रंगवून घेतला. खरोखर फ्लोरिडाला जाऊन चित्रीकरण करू, असं फ्लोरीने सुचवलं, तेव्हा नायकाला रंगाने काढलेली मिशी चालते तर खरा समुद्र कशाला, असं त्याला ऐकवलं गेल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. (तो स्टुडिओ अजून आहे आणि त्याचं नाव कॉफमन अ‍ॅस्टोरिया. नाटककाराची आठवण म्हणून नव्हे. 1980 च्या दशकात तो चालवायला घेणाऱ्या गृहस्थांचं नावही जॉर्ज एस. कॉफमनच होतं, आणि त्यांचा धंदा होता जमीनजुमल्याचा.)

आता सेटवर उभं राहून बघा. मूकपटात कॅमेरा कितीही खडखडला तरी चालत होतं. आवाज आला आणि कॅमेऱ्याची मोटर हीच पहिली शत्रू ठरली. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना टेलिफोन बूथएवढ्या, आतून आवाज शोषणारं अस्तर लावलेल्या खोक्यात कोंडत. समोर जाड काच. दार बंद, हवा बंद, बाहेर दिव्यांची धग. टेक संपला की माणूस घामाने निथळत बाहेर येई. असं खोकं जागचं हलवणं सोपं नव्हतं, म्हणून चित्र हलत नाही, आणि काचेमुळे ते किंचित बोथटही दिसतं. दिवेही बदलावे लागले. आधीचे कार्बन आर्कचे दिवे गुणगुणतात, म्हणून तारेचे दिवे आले आणि ते आणखी तापले.

जोडकाम हा पुढचा पेच. एकाच प्रवेशाचे दूरचे आणि जवळचे तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतले तर आवाज जुळत नाही. उपाय म्हणून तीच अदाकारी एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपायची आणि आवाजाची एकच सलग पट्टी ठेवून चित्रं तिच्यावर बसवायची. याचा तोटा असा की दिवे सगळ्या कॅमेऱ्यांना सोसतील असे, म्हणजे सपाट, लावावे लागत. कुठे एखादा चेहरा खुलवायला जावं, तर दुसऱ्या कॅमेऱ्यात सावली पडे.

गाण्यांत तर उसंतच नव्हती. आधी ध्वनिमुद्रण करून नंतर ओठ हलवायची पद्धत अजून रुळली नव्हती. या चित्रपटातली गाणी सेटवरच, कॅमेरा चालू असताना गायली गेली आणि वाद्यवृंद चौकटीबाहेर बसून वाजवत होता. गायक थोडा लांब गेला की आवाज पातळ होतो, ते म्हणूनच. आपल्याकडे दोन वर्षांनी हेच झालं. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' हाही जोसेफ डेव्हिडच्या पारशी नाटकावरून घेतलेला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून चित्रीकरण रात्री चालायचं आणि वादक आडोशाला लपून वाजवायचे. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. त्या पहिल्या खेपेत कलाकारांची काय तारांबळ उडाली असेल याचा अंदाज घ्यायला 'द कोकोनट्स' बरा उपयोगी पडतो.

सगळ्यात मोठा घोटाळा हशाचा. रंगमंचावर विनोदाची लय प्रेक्षक ठरवतो. वाक्य टाकायचं, हशा चढू द्यायचा, उतरायला लागला की पुढचं टाकायचं. शेकडो प्रयोगांनी भावांच्या अंगात हे मोजमाप मुरलेलं. स्टुडिओत हसायला बंदी, कारण एका माणसाच्या फिस्सने टेक जातो. फ्लोरीलाच हसू आवरत नसे, म्हणून त्याला आवाजबंद खोक्यात बसवून हातवाऱ्यांनी दिग्दर्शन करायला लावलं, अशीही एक कथा आहे. खरी असो नसो, अडचण खरी होती. त्यामुळे चित्रपटात कधी वाक्यामागून वाक्य इतकं धडाधड येतं की पुढचं हशात बुडावं, तर कधी टाळीसाठी सोडलेली जागा रिकामीच राहते आणि घरी एकट्याने बघताना ती बोचते. भावांनी हा धडा लक्षात ठेवला. 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' (1935) च्या आधी त्यातले प्रवेश गावोगावच्या रंगमंचांवर करून हशाची लांबी मोजून घेतली, मगच कॅमेरा लावला.

दिग्दर्शक दोन, फ्लोरी आणि जोसेफ सँटली. एकाला इंग्रजी कळत नव्हतं आणि दुसऱ्याला हार्पो, असं ग्राउचो म्हणे. फ्लोरीवर यात अन्याय आहे. हात बांधलेले असतानाही त्याने नर्तिकांना थेट वरून टिपलं आहे, फुलाच्या पाकळ्या उघडाव्यात तसं. या युक्तीचं श्रेय लोक डोळे झाकून नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीला देतात, पण त्याचा पहिला चित्रपट 1930 चा. सुरुवातीची श्रेयनामावलीही चुकवू नका. तिच्यामागे एका नृत्याची निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलेली, दृश्यं आहेत.

आता पाहायचा कसा. 1 जानेवारी 2025 पासून अमेरिकेत हा चित्रपट प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या वाटेल तशा प्रती फिरतात. शक्य असेल तर 2016 च्या ब्लू-रेसाठी दुरुस्त केलेली प्रत मिळवा. तीही एकसारखी नाही. मधली काही रिळं प्रतीच्या प्रतीवरून घेतलेली असल्याने चित्र अचानक मळतं, पुन्हा उजळतं. तुमच्या टीव्हीचा त्यात दोष नाही. पाल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी पळतो, म्हणजे सुमारे 4 टक्के जलद. पेटीच्या हिशेबात आवाज जवळजवळ पाऊण पट्टी चढतो आणि आधीच घाईत असलेला ग्राउचो आणखी घाईत वाटतो. टीव्हीवर 'झूम' किंवा 'फुल स्क्रीन' अजिबात लावू नका. ध्वनिपट्टीने फिल्मची एक कड खाल्ल्यामुळे मूळ चौकट जवळजवळ चौरस आहे, ताणली की सगळे भाऊ बुटके दिसतात.

जुन्या प्रतीत चित्र एका ठिकाणी टचकन उडतं आणि शब्द मात्र क्षणभराने गायब होतो, हे लक्षात आलं असेल. फिल्म आधी भिंगासमोरून जाते आणि मग खालच्या ध्वनियंत्रातून, दोन्हींत सुमारे 20 चौकटींचं अंतर. फाटलेला तुकडा कापून फिल्म चिकटवली की चित्र आधी तुटतं आणि आवाज सुमारे 0.8 सेकंदाने.

आवाजासाठी बास कमी करा, सराउंड बंद ठेवा. स, श, फ ही अक्षरं मूळ मुद्रणातच बोथट आहेत, ती आवाज वाढवून ठसठशीत होत नाहीत, फक्त खरखर वाढते. इंग्रजी सबटायटल लावा, हिंदी नकोत. सगळा खेळ इंग्रजी उच्चारांवर आहे आणि भाषांतरात तो मरतो. ओल्या नकाशाचा प्रवेश घ्या. ग्राउचो 'व्हायाडक्ट', म्हणजे खांबांवरचा उंच पूल, म्हणतो (मेट्रोच्या बातम्यांमुळे हा शब्द आता आपल्यालाही ओळखीचा आहे) आणि चिकोला ऐकू येतं 'व्हाय अ डक', म्हणजे 'बदक कशाला?'. बदक कशाला, कोंबडी का नको, घोडा का नको, असं ते ताणत जातं आणि समजावणाराच शेवटी घायकुतीला येतो. इंग्रजी नुकतंच कानावरून गेलेल्या इटालियन स्थलांतरिताची नक्कल हा चिकोचा पेहराव, आणि इथे त्याचा सर्वांत चांगला उपयोग झाला आहे.

प्रेमी जोडीच्या गाण्यांत मन रमणार नाही. ऑस्कर शॉ आणि मेरी ईटन सुरेल आहेत, पण 'व्हेन माय ड्रीम्स कम ट्रू' हे एकच गाणं इतक्या वेळा परततं की संगीत नाटकात तीच चाल चौथ्यांदा आल्यावर प्रेक्षक चहाला उठतो, तसं होतं. खुशाल उठा. एका गाण्याला मात्र थांबा. शेवटाकडे मेजवानीत गुप्तहेराचा शर्ट हरवतो आणि त्याची तक्रार तो बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेराच्या चालींवर गातो.

आणि मायक्रोफोनला कुणी हरवलं ते बघायचं असेल तर हार्पोवर नजर ठेवा. त्याला संवादच नाही, त्यामुळे माइकजवळ उभं राहायची सक्ती नाही. तो चौकटीत कुठूनही शिरतो, टेलिफोन चावतो, शाई पितो, लोकांचे खिसे साफ करतो. बाकीचे 1929 मध्ये अडकलेले असताना तो बिनधास्त मूकपटात वावरतो. त्याचा टोप इथे गडद दिसतो, कारण रंगमंचावरचा लाल टोप कृष्णधवल फिल्मवर काळपट उतरला. पुढच्या चित्रपटापासून तो फिकट केला.

पूर्ण चित्रपटाला वेळ नसेल तर नकाशापासून लिलावापर्यंतचा भाग सलग बघा, मध्ये थांबू नका. नकाशा समजावताना ग्राउचो चिकोला शिकवून ठेवतो की लिलावात कुणी बोली लावली की तू वरची लाव, भाव चढेल. चिको शब्दशः ऐकतो. समोर कुणी बोली लावायचं थांबलं तरी हा स्वतःच्याच बोलीवर चढत राहतो, आणि ग्राउचो विकायला निघालेले प्लॉट एकामागून एक चिकोच्याच गळ्यात पडत जातात. हा प्रवेश कळायला इंग्रजी फारसं लागत नाही, आकडे पुरतात.