आईच्या खुर्चीत बसून पाहिलं तेव्हा

पक्षाघातानंतर आईचं सगळं फिरणं इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर आलं. तिच्यासाठी आम्ही इथे मिशिगनमध्ये वापरलेली मिनीव्हॅन घेतली. अशा गाडीचा तळ कापून दहाएक इंच खाली बसवतात. खुर्चीतल्या माणसाचं डोकं मग छताला लागत नाही आणि बाजूच्या दारातून रॅम्पवरून थेट आत येता येतं. सोय मोठी. पण पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "अरे, ही तर एस.टी. आहे. त्यातही मागचं बाकडं!"

मी हसण्यावारी नेलं. ड्रायव्हरच्या सीटवर मला तसं काही जाणवत नव्हतं. शिवाय रस्त्यांना नावं ठेवायची सोय इथे कायमच असते: हिवाळ्यात भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि मार्च आला की जिकडेतिकडे खड्डे.

आधी टायर पाहिले. टायर बदलणाऱ्याने चारहींत 50 पीएसआय हवा ठासली होती. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. तळ बदललेल्या गाडीचं वजन वाढलेलं असतं, म्हणून बदल करणाऱ्यांनी वेगळं स्टिकर लावलं असेल तर तेच पाळायचं. आमच्या गाडीवर 36 होतं. सकाळी टायर थंड असताना हवा उतरवली. काँक्रीटच्या सांध्यांवरची टकटक बरीच कमी झाली, पण खड्ड्यातला 'धप्प' तसाच.

मग नेहमीचं गॅरेज. गाडी लिफ्टवर घ्यायलाच तिथला माणूस बिचकला, कारण तळ बदलला की जॅक लावायच्या जागाही बदलतात. एक फेरी मारून आला आणि म्हणाला, या गाड्या अशाच असतात. फेरी अर्थातच ड्रायव्हरच्या सीटवरून मारली होती.

घरी येऊन आईला तेच सांगितलं. ती म्हणाली, "तू बस की एकदा माझ्या खुर्चीत."

रविवारी तिला सोफ्यावर बसवलं आणि मी खुर्ची घेऊन रॅम्प चढलो. बायकोने चारही पट्टे जमिनीतल्या कड्यांना आवळले, मला सीटबेल्ट लावला आणि गाडी काढली. दोन मैलांत माझी बोलती बंद! गाडीच्या सीटला फोम असतो, स्प्रिंगा असतात. खुर्ची मात्र तळाला घट्ट बांधलेली, त्यामुळे तळाचा दणका थेट माकडहाडात. मला निदान हाताने सावरता येत होतं. आईचा उजवा हात चालत नाही. आणि एक गोष्ट पुढे बसून कधीच कळली नसती: धप्प फक्त मागच्या उजव्या चाकाकडून येत होता.

घरी येऊन टेप लावली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर उजवीकडे पाऊण इंच कमी भरलं.

हा आकडा घेऊनच अशा गाड्यांचं काम करणाऱ्या दुकानात गेलो. रॅम्पचा चढ कमी व्हावा म्हणून दार उघडताच आमची गाडी उजवीकडे गुडघा टेकल्यासारखी बसते. मोटर साखळी ओढते, साखळी गाडीचा मागचा भाग खाली खेचते. दार लागलं की साखळी सैल पडली पाहिजे. रस्त्यावरच्या मिठाने ती यंत्रणा गंजून अर्ध्यातच अडकत होती. म्हणजे गाडी कायम अर्धवट बसलेली, स्प्रिंगला दबायला जागाच नाही. प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आपटत होता. त्या ठोकळ्याचा उरलेला चुरा मेकॅनिकने माझ्या तळहातावर ठेवला.

साखळी-मोटर दुरुस्त, नवे ठोकळे, मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर जोडीने बदलले, शेवटी अलाइनमेंट. दोन दिवस आणि अकराशे डॉलर गेले. गाडी ताब्यात घेण्याआधी मी मेकॅनिकसमोर पाच वेळा दार उघड-बंद करून दर वेळी टेप लावली. तो वैतागला असावा. दोन्ही बाजू सारख्या भरल्या.

आईला घेऊन त्याच रस्त्याने गेलो. नेहमीच्या खड्ड्याशी तिने सवयीने डोळे मिटले, मग उघडले. काही बोलली नाही. पुढच्या सिग्नलला म्हणाली, "तो रॅम्पचा पत्रा वाजतोय बघ."

खरंच वाजत होता. इतके दिवस धप्पमध्ये ऐकूच आला नव्हता. जुन्या योगा मॅटची पट्टी कापून खाली चिकटवली आहे.