प्रिम उगाच गेली?

"प्रिमला लेखिकेने उगाच मारलं." 'हंगर गेम्स'ची मूळ तिन्ही पुस्तकं (२००८ ते २०१०) संपवलेल्या एका मुलीचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यातून जाईना. प्रिम म्हणजे नायिका कॅटनिसची धाकटी बहीण. कथेत राजधानी कॅपिटॉल दरवर्षी डिस्ट्रिक्टांमधल्या (जिल्ह्यांतल्या) मुलांना आखाड्यात मरेपर्यंत लढवते, तेच हे खेळ.

असं वाटणारे पुष्कळ आहेत. पण तिसऱ्या पुस्तकातला तो बॉम्ब नीट बघा. कॅटनिसचा मित्र गेल आणि शस्त्रं बनवणारा बीटी बंडखोरांच्या डिस्ट्रिक्ट १३मध्ये असाच सापळा आखतात: आधी एक स्फोट, मग जखमींना वाचवायला माणसं धावली की दुसरा. पुढे कॅपिटॉलमध्ये मुलांवर चंदेरी पॅराशूट उतरतात. आखाड्यात त्यांतूनच औषधं, जेवण यायचं, म्हणून मुलं आनंदाने हात पुढे करतात, आणि पहिला स्फोट होतो. प्रिम दुसऱ्या स्फोटात जाते, कारण ती मदतीला धावलेली असते. हे सहन होत नाही, आणि होऊही नये.

खरा वाद मला नंतरच्या मतदानाचा वाटतो. कॅपिटॉल हरल्यावर तिथल्या मुलांना घेऊन शेवटचे खेळ भरवायचे का? मत देणारे जुन्या खेळांतले ७ विजेते, ४ विरुद्ध ३ने होकार, आणि त्यात कॅटनिसही 'हो' म्हणते! कोणी याला सूड म्हणतं, कोणी कॉइनला, म्हणजे बंडखोरांच्या अध्यक्षेला, बेसावध ठेवायची चाल; त्या बॉम्बमागे तीच असल्याचा कॅटनिसला संशय असतो. कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच मतदानात तिची बाजू घेतो, म्हणून मला चालच वाटते.

तुम्हाला काय वाटतं?