साठा किती?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला असतो. 54. 61. 47. हा आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा उद्योग. संध्याकाळी मी कराडहून कॉलेजची नोकरी करून साताऱ्यात घरी आले की गेट लावायच्या आत त्यांचा प्रश्न येतो, "साठा किती?" मग मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किती टक्के उरलीय ते सांगायचं.

आप्पांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजगृहात गेली. कोयनेचं धरण 105 टीएमसीचं, पण वीज करून पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं बांधून दिलेलं, वर्षाला 67.5 टीएमसी. त्यामुळे पाणी जपून, वेळ बघून वापरायचं. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात तेव्हा कोयना उपयोगी. कोळशाचा थंड पडलेला संच तापायला तासन् तास लागतात, कोयनेचा संच काही मिनिटांत लोड घेतो. लग्न झाल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगीन.

म्हणूनच गाडीनं ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, वीज परत द्यायची, ज्याला व्ही-टू-जी म्हणतात, ती कल्पना त्यांना समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. "म्हंजे रिकाम्या वेळेला भरायचं आन् संध्याकाळी सोडायचं. कोयनाच की गं ही!" माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना मात्र अजून वाटतं की मी गाडी विकून वीज विकणार आहे.

आता माझी रड. गाडी 40.5 युनिटांच्या बॅटरीची नेक्सॉन. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, साधारण 15 युनिट जातात. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावली आणि गिझरही चालू असला की एमसीबी पडायचा. म्हणून गोल तबकडीचा टायमर आणला, रात्री अकराला चालू होणारा. एका गुरुवारी देखभालीसाठी दिवसभरात सहा तास लाइट नव्हती. तबकडी विजेवरच फिरणारी, तीही सहा तास थांबली. मी वाईला जाऊन 22 टक्क्यांवर घरी आले, गाडी लावली आणि झोपले. तबकडीचे अकरा वाजले पहाटे पाचला. साडेसहाला निघताना 33 टक्के. संध्याकाळी उंब्रजजवळ हायवेच्या चार्जरवर चहा पीत पाऊण तास बसले. घरी आल्यावर आप्पांनी तो टायमर हातात घेतला, पिनांजवळचं काळवंडलेलं प्लास्टिक दाखवलं आणि काही न बोलता भंगाराच्या डब्यात टाकला.

खरं स्मार्ट चार्जिंग म्हणजे घड्याळ लावणं नव्हे. आपण सांगायचं, सकाळी साडेसहाला 90 टक्के पाहिजे. मधल्या तासांत कधी, किती वेगानं भरायचं ते चार्जरनं दर आणि लोड बघून ठरवायचं. आमच्या कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर 100 केव्हीएचा. उद्या दहा घरांनी सात-सात किलोवॅटचे चार्जर सात वाजता एकदम चालू केले तर 70 किलोवॅट गाड्याच खातील, वर एसी आणि गिझर आहेतच. तीच दहा घरं रात्रीत विभागली तर ट्रान्सफॉर्मरला कळणारही नाही.

दराचंही तेच. 1 जुलै 2025 पासून टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे, कारण तेव्हा सोलरची वीज भरपूर असते. आणि तेव्हा माझी गाडी कराडला कॉलेजच्या पार्किंगमध्ये उन्हात तापत उभी! तिथं एक 15 अँपिअरचा पॉइंट द्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, "बिल कोण भरणार?" मी भरते म्हटलं, तर त्याची पावती कुठल्या खात्यात टाकायची यावर फाइल अडली. म्हणून स्वस्त वीज मला फक्त रविवारी मिळते.

मे महिन्यात वळवाच्या पावसानं लाइट गेली. शेजारच्या काकांच्या छतावर सोलर, तरी तेही अंधारात. ग्रीड गेलं की सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. माझ्या गाडीतून 3.3 केव्हीएपर्यंत वीज काढता येते. ॲडॉप्टर लावून एक्स्टेन्शन खिडकीतून आत घेतलं. फ्रिज, दोन पंखे, वायफाय. आमरस वाचला. तीन तासांत 61 वरून 58.

ते पाहून वायरमन म्हणाला, "वहिनी, एवढं एक्स्टेन्शन कशाला? दोन्हीकडं पिना असलेली वायर करून देतो, घरातल्या सॉकेटमधी घाला, सगळं घर चालतंय." आप्पा खुर्चीतून उठलेच. "आरं, तिकडं पोलवर पोरगं चढलंय! तुझ्या वायरीनं उलटा करंट गेला तर त्याच्या आईला काय सांगणार?" वायरमन गप.

गाडीतून पंखा चालवणं सोपं, ग्रीडला वीज देणं अवघड, ते इथंच. ग्रीडच्या 50 हर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीशी ताल जुळवायचा, लाइन मेली की क्षणात सुटायचं, गेलेलं युनिट मोजायचं. त्याला वीज दोन्ही दिशांनी नेणारा चार्जर लागतो, तशी गाडी लागते आणि नियम लागतात. 2016 मध्ये डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सबर्गला दहा इलेक्ट्रिक व्हॅन कामावरून आल्यावर ग्रीडची फ्रिक्वेन्सी सांभाळायला जोडल्या होत्या. आप्पांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "व्हॅनवाल्याला पैसे मिळाले का?" मिळत होते.

मग त्यांनी कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. 54 टक्के म्हणजे 21-22 युनिट. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत ग्रीडला सहा युनिट सोडली तर उरली पंधरा. अकरापासून तीन किलोवॅटनं भरलं तर साडेसात तासांत 22 परत येतात, म्हणजे साडेसहाला 90 टक्क्यांच्या वर. जमतं. बॅटरी जास्त झिजली तर त्याचे पैसे दरात धरले पाहिजेत, असंही खाली लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

काल घरी आले तेव्हा 49 टक्के होते, हायवेवर पाऊस आणि एसी दोन्ही होते. "गळती झालीय," म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला लागले.