गुठळी न झालेली नळी

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे. जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेचार वर्षांच्या एका मुलाचा नमुना आला. छातीत पू साठल्यामुळे शस्त्रक्रिया ठरली होती आणि एक पिशवी रक्त राखून ठेवायचे होते.

पेशींच्या तपासणीत गट ‘ओ’ निघाला. ओ गटाच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे उलट तपासणीत, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव माहीत असलेल्या गटांच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहताना, ए गटाच्या आणि बी गटाच्या पेशींच्या, अशा दोन्ही नळ्यांत घट्ट गुठळी दिसायला हवी. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी मी तिरकी धरून हलकेच हलवली, तर तळाशी बसलेले पेशींचे तांबडे बटण धुरासारखे सुटत गेले. दुसऱ्या नळीतही तेच. रक्तद्रव दुप्पट घेतला, नळ्या अर्धा तास चार अंशांवर ठेवल्या, नवा नमुना मागवून सगळे पुन्हा केले. गुठळी झालीच नाही.

नवजात बाळात ही प्रतिपिंडे नसणे स्वाभाविक आहे आणि उतारवयात ती क्षीण होतात, पण या वयात त्यांचा मागमूसही नसावा, हे मला खटकले. संगणकावर त्याचा अहवाल उघडला: एकूण प्रथिने 5.1, अल्ब्युमिन 3.7. वजाबाकी केली की ग्लोब्युलिन उरते अवघे 1.4, आणि प्रतिपिंडे असतात ती त्यातच. मुलाच्या फाईलमध्ये आधीच्या दवाखान्यांचे कागद होते. चार वेळा न्यूमोनिया, सतत वाहणारे कान आणि दर वेळी बदललेले प्रतिजैविक. त्या कागदांवरही हे दोन आकडे छापलेले होते आणि ही वजाबाकी कोणीच केली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

मी वॉर्डात फोन केला. “सर, गट ओच दिसतो, पण प्रतिपिंडेच सापडत नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी करून घ्याल का?” डॉक्टरांनी लगेच मुलाचा घसा पाहिला, टॉन्सिल जवळपास नव्हतेच. पुढे आयजीजी, आयजीए, आयजीएम ही तिन्ही प्रकारची प्रतिपिंडे अत्यल्प निघाली आणि मुंबईला पाठवलेल्या नमुन्यात बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या आणि टॉन्सिलमध्येही भरलेल्या पांढऱ्या पेशी (यांचा बी रक्तगटाशी संबंध नाही), नाममात्र आढळल्या. 1952 मध्ये डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी अमेरिकेत वर्णन केलेला हा आजार, एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया. त्याला कारण असलेले बीटीके जनुक एक्स गुणसूत्रावर असते, हे 1993 मध्ये समजले. ते बिघडले की बी पेशी अस्थिमज्जेतच अर्धवट राहतात. आईकडून गर्भात मिळालेली आयजीजी साधारण सहा महिने पुरते. या मुलाचा कान पहिल्यांदा वाहिला तो आठव्या महिन्यात.

त्याच्या आई म्हणाल्या, “ताई, माझा धाकटा भाऊपण असाच गेला. सगळे म्हणायचे, बाहेरचं काहीतरी लागलंय.”

पोलिओचे थेंब आणि इतर जिवंत लसी बंद झाल्या. चौदा किलोंच्या त्या मुलाला आता दर चार आठवड्यांनी शिरेतून सात ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, दिले जाते. हे औषध कशापासून बनवतात, असे त्याच्या आईंनी विचारले, तेव्हा मी सांगितले की हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून. मग त्यांनी स्वतःच बाही वर केली. हिमोग्लोबिन 10.2 भरले आणि रक्तदानासाठी ते 12.5 लागते, म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या सुरू करायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले.