दिवाणखान्यातले व्यासपीठ

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकून पुढे पदवीसाठी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ‘पब्लिक स्पीकिंग’ हा विषय येतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घ्यायचा, तर लेखन, तर्कविचार, गणित आणि मौखिक संवाद या चार पायाभूत विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते, आणि २०२५ च्या शरद सत्रापासून दोन्ही विद्यापीठांसाठी लागू झालेल्या सामाईक अभ्यासक्रमामुळे, तो निवडून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे वळणाऱ्यांनाही आता मौखिक संवादाचा विषय टाळता येत नाही. मला यांपैकी कुठेही जायचे नव्हते. पुण्यातली वाणिज्य शाखेची पदवी गाठीला होती आणि नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर मी इथे आले होते. या व्हिसावर नोकरी सहजासहजी करता येत नाही, शिक्षण मात्र घेता येते. राज्याच्या रहिवाशांना एका युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, ४६ डॉलर शुल्क पडते आणि हा विषय तीन युनिटांचा असतो, त्यामुळे खर्चाचाही फारसा विचार करावा लागला नाही. विचार करण्याजोगी शंका वेगळीच होती, कारण मी हा विषय ऑनलाइन घेणार होते. ज्या वर्गाला वेळापत्रक नाही, खोली नाही आणि ज्यातले विद्यार्थी एकमेकांना कधी भेटणारही नाहीत, त्या वर्गात भाषण करायला शिकवणार तरी कसे?

त्याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकातल्या एका अटीत होते. प्रत्येक भाषण किमान पाच प्रौढ श्रोत्यांसमोर उभे राहून करायचे, ते एका दमात चित्रित करायचे, मध्ये कुठेही कापाकापी करायची नाही, आणि भाषणाच्या आधी व नंतर कॅमेरा फिरवून श्रोते खरोखरच समोर बसलेले आहेत हे दाखवायचे. लहान मुले श्रोत्यांत धरायची नाहीत, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पहिल्या वाचनात हा सरकारी थाटाचा जाच वाटतो; परंतु या अभ्यासक्रमात काही जीव असेल, तर तो याच अटीमुळे आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. श्रोत्यांशिवाय केलेले भाषण म्हणजे चित्रफीत होते, आणि चित्रफीत करण्याचे कौशल्य वेगळे असते.

आपल्याकडे वक्तृत्वाचे शिक्षण नसते, असे नाही. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीच्या कार्यक्रमात शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्याने एकदाही सांगितली किंवा ऐकली नाही, असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळाच. आमच्या शाळेत भाषण बाई लिहून देत, आई ते पाठ करून घेई, आणि कोणत्या वाक्याला उजवा हात वर न्यायचा हेसुद्धा आधीच ठरलेले असे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथपासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ इथपर्यंत एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे. या पद्धतीने उच्चार स्वच्छ होतात, आवाज पोहोचवता येतो आणि स्टेजची भीती लहानपणीच मोडते, हे फायदे मी मुळीच नाकारत नाही. ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, तिथे चांगले बोलणाऱ्याला मिळणारा मानही मी जवळून पाहिला आहे. पण व्याख्यानमालेतला वक्ता आणि पुण्यतिथीच्या कार्यक्रमातला विद्यार्थी यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कसे काटायचे हे आम्हांला शाळेत कोणीच सांगितले नव्हते.

या अभ्यासक्रमात लिहिलेले भाषण वाचून दाखवायला बंदी होती, आणि पाठ करून म्हणायलाही. आधी पूर्ण वाक्यांत लिहिलेला आराखडा द्यायचा. त्यात मध्यवर्ती विधान, मुख्य मुद्दे, त्यांखालचे पुरावे आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना म्हणायची जोडवाक्ये असत. आराखडा तपासून आला की तो बाजूला ठेवायचा आणि पोस्टकार्डाएवढ्या दोन कार्डांवर फक्त शब्द, नावे आणि आकडे उतरवून घ्यायचे. बोलताना हाताशी तेवढीच कार्डे. वाक्ये तिथल्या तिथे घडवायची. सराव कितीही करावा. मात्र प्रत्येक सरावात वाक्य थोडे वेगळे पडले तर उत्तमच, असे आमच्या प्राध्यापिकांचे सांगणे होते. घोकंपट्टीत वाढलेल्या माणसाला हे किती अवघड जाते, ते सांगून समजणार नाही. स्मरणशक्ती तल्लख असणे ही इथे अडचण ठरते, कारण तीनदा म्हटलेले वाक्य आपोआप पाठ होऊन बसते.

माहितीपर भाषणासाठी मी हळदीच्या पेटंटचा विषय निवडला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्याला आव्हान दिले, आणि या उपयोगात नवे काही नाही हे दाखवण्यासाठी ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांतले उतारे होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. सहा-सात मिनिटांत मावणारी ही गोष्ट आहे, आणि तिच्यात नाट्यही आहे.

भाषणाच्या संध्याकाळी आमच्या इमारतीतली दोन मराठी जोडपी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका आणि माझा नवरा एवढे श्रोते दिवाणखान्यात बसले होते. फोन त्यांच्या पाठीमागे इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून ठेवला होता, म्हणजे चौकटीच्या तळाशी श्रोत्यांची डोकी आणि समोर उभी मी, असे दृश्य मिळे. भाषण सुरू झाले आणि श्रोत्यांचे दोन तट पडलेले मला स्पष्ट दिसू लागले. मराठी मंडळी मी वाक्य पुरे करण्याआधीच माना डोलावत होती. शिक्षिकाबाई मात्र भुवया किंचित जवळ आणून ऐकत होत्या. पेटंट हळद या वस्तूवर दिले गेले, अशी त्यांची समजूत होत आहे हे त्या चेहऱ्यावरून मला कळले. माझ्या कार्डांवर यासंबंधी एक शब्दही नव्हता. मी थांबले, वस्तूवरचा हक्क आणि वस्तू वापरण्याच्या एका विशिष्ट पद्धतीवरचा हक्क यांतला फरक दोन-तीन साध्या वाक्यांत सांगितला, आणि त्यांच्या भुवया सैल झाल्यावर पुढे गेले. पाठ केलेल्या भाषणात ही दोन-तीन वाक्ये शिरायला जागाच नसते. पाठ म्हणणाऱ्याला चेहरे दिसत असले तरी त्यांचे काही करता येत नाही, कारण तो आतल्या आत पुढची ओळ शोधत असतो.

याच भाषणात पुरावा तोंडी सांगण्याची शिस्त लागली. संदर्भांची यादी आराखड्याच्या शेवटी जोडली म्हणजे काम झाले, असे इथे चालत नाही. माहिती कोणाची, त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा त्या विषयाशी संबंध काय आणि ती कोणत्या वर्षीची, हे बोलण्याच्या ओघातच श्रोत्यांना सांगावे लागते. जो संदर्भ उच्चारला नाही, त्याचे गुण कापले जातात. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’, ‘जाणकार सांगतात’ अशी वाक्ये आपल्या सभांतून आणि आता व्हॉट्सॲपवरून इतकी सर्रास फेकली जातात, की कोणाचे संशोधन आणि कोण जाणकार, हे विचारण्याची सवयच राहिलेली नाही. स्वतःच्या तोंडून नाव आणि साल उच्चारायची सक्ती झाली, की आपल्या निम्म्या विधानांना आधार नाही हे भाषणाआधीच उघडे पडते.

चित्रफीत पाठवल्यानंतर आणखी एक काम असते, आणि ते मला सर्वांत नकोसे वाटे. स्वतःचे भाषण पाहून स्वतःच त्याचे परीक्षण लिहायचे. कॅमेऱ्यात सगळेच पकडले जाते. ‘सो’ आणि ‘बेसिकली’ किती वेळा आले, वजन सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जात होते, आकडा आठवताना डोळे छताकडे कसे गेले आणि कार्डे हातात पत्त्यांसारखी कशी पिसली जात होती, हे कोणी दुसऱ्याने सांगितले असते तर मी वाद घातला असता. प्राध्यापिकांचे शेरे चित्रफितीतल्या नेमक्या सेकंदाला लावलेले असत. सभागृहातल्या वर्गात शिक्षक भाषण झाल्यावर पाच मिनिटे बोलतात आणि त्यातले आपल्याला सोयीचे तेवढे लक्षात राहते. इथे शेऱ्यावर टिचकी मारली की त्या क्षणीचे आपण समोर उभे. ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने मला मनापासून म्हणता येईल, अशी ही एक गोष्ट आहे. सहाध्यायांच्या भाषणांवरही लिहावे लागे, आणि ‘छान झाले’ एवढ्यावर गुण मिळत नसत. रात्रपाळी करणारी परिचारिका, गोदामात काम करणारा तरुण, चर्चच्या सभागृहात नातलग जमवून बोलणाऱ्या एक आजी अशी ही मंडळी प्रत्यक्ष वर्गात मला क्वचितच भेटली असती.

मन वळवणाऱ्या भाषणासाठी पर्ड्यू विद्यापीठातले ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात मांडलेली पाच पायऱ्यांची रचना वापरायची होती. आधी लक्ष वेधायचे, मग गरज दाखवायची, उपाय मांडायचा, तो केल्यास आणि न केल्यास काय होईल याचे चित्र उभे करायचे आणि शेवटी कृतीचे आवाहन करायचे. मी वर्षातून दोनदा घड्याळे पुढे-मागे करण्याच्या प्रथेविरुद्ध बोलले. पुण्यात राहणाऱ्या आईला फोन करताना उन्हाळ्यात साडेबारा तासांचा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा हिशेब करावा लागतो, इथून सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये सातव्या क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून विधिमंडळाला यात बदल करण्याची मुभा दिली. पण कायमचा उन्हाळी वेळ ठेवायला केंद्राचा कायदा आड येतो, तर १९६६ च्या कायद्यानुसार कायमचा प्रमाणवेळ, म्हणजे हिवाळ्यातला वेळ, राज्याला स्वतःच स्वीकारता येतो. हवाई आणि बहुतांश ॲरिझोना तसेच करतात. आवाहनाच्या पायरीवर प्राध्यापिकांचा कटाक्ष असा, की ‘जागरूक व्हा’ ही कृती नव्हे. श्रोत्याला घरी जाऊन नेमके काय करता येईल ते सांगा. म्हणून आपल्या भागातल्या विधिमंडळ सदस्याला पाठवायच्या पत्रात कोणती मागणी लिहायची, इथपर्यंत मी सांगितले. मराठी जोडप्यांपैकी कोणालाच इथे मताधिकार नव्हता, ही गंमत वेगळी. पत्र लिहायला मताधिकार लागत नाही, हे वाक्य त्यांच्याकडे बघूनच सुचले.

मन्रोंची रचना शिकताना मला सारखे नारदीय कीर्तन आठवत होते. त्यात पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्व उलगडायचे आणि उत्तररंगात आख्यानातून ते पटवायचे, म्हणजे क्रम बरोबर उलटा: मन्रो गोष्ट आधी सांगून श्रोत्याला पकडतात, कीर्तनकार श्रोता बसलेलाच आहे असे धरून चालतो. पण मला महत्त्वाचे वाटले ते वेगळेच साम्य. कीर्तनकाराचा अभंग ठरलेला असतो, आख्यान ठरलेले असते, दृष्टांतही बहुधा ठरलेले असतात. मधली वाक्ये मात्र गाव बघून, समोरची गर्दी बघून, कधी उशिरा आलेल्या पाटलाला बघून तिथेच घडतात. दोन कार्डांवर बोलण्याची ही विद्या आपल्या देवळांत पिढ्यानपिढ्या नांदत होती, आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत नेमकी तीच शिकवायची राहिली.

शेवटचे भाषण झूमवर थेट करायचे होते आणि ते मला सर्वांत कमी आवडले. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहिले, तर त्यांना आपण खाली बघतो आहोत असे दिसते. कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहिले, तर आपल्याला कोणाचाच चेहरा दिसत नाही. सगळ्यांचे माइक बंद असल्यामुळे विनोदावर कोणी हसले की नाही, तेही कळत नाही. नोकऱ्यांच्या मुलाखती आता अशाच होतात, तेव्हा हे शिकायलाच हवे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण शंभर माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत आवाज नेणे, कुजबुज वाढली की थांबणे, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी न डगमगणे, यांतले काहीही दिवाणखान्यात आणि झूमवर शिकता येत नाही. त्याची उणीव मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन करून भरून काढते आहे.

हा विषय ऑनलाइन घ्यायचा विचार असेल, तर नाव नोंदवण्याआधी त्या प्राध्यापकांचे माहितीपत्रक मागवून वाचावे. श्रोत्यांची अट प्रत्येक वर्गात सारखी नसते. कुठे आठ माणसे लागतात, कुठे एकही नाही. एकही नसलेला वर्ग सोपा पडतो, पण मी तो घेणार नाही. शिवाय मुदती बहुधा रविवारी रात्री ११:५९ च्या असतात आणि रविवारी संध्याकाळी पाच प्रौढ माणसे एका खोलीत जमवणे हे आराखडा लिहिण्यापेक्षा कठीण काम आहे, तेव्हा श्रोत्यांना शुक्रवारच्या जेवणालाच बोलवावे आणि भाषण जेवणाच्या आधी उरकून घ्यावे.