कोकण रेल्वेनं रत्नागिरी: समुद्र बघायला गेलो आणि कातळावर हत्ती सापडला

आधीच सांगतो, कोकण रेल्वेच्या खिडकीतून समुद्र दिसेल या आशेवर विंडो सीटसाठी भांडू नका. निदान रत्नागिरीपर्यंत तरी गाडी बरीच आतून, डोंगर पोखरत जाते. दिसतात त्या नद्या, भातशेती आणि उक्षी स्टेशननंतरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, त्यात मोबाईलची रेंज गुल.

आम्ही नोव्हेंबरमध्ये सकाळच्या मांडवी एक्सप्रेसनं गेलो, गाडीतच खाणं होतं त्यामुळे डबा उगाच वाहिला. स्टेशन शहरापासून सहाएक किलोमीटर लांब आहे, रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आम्ही ठरवलं नाही आणि उतरल्यावर वाद घालत बसलो.

पहिल्या दिवशी रत्नदुर्ग. खाली काळे खडक आणि त्यावर आपटणारं पाणी, तासभर कसा गेला कळलं नाही. मग थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पकडलं आणि पुढं इकडे आणलं, हा वाडा त्याला मिळाला 1910 च्या सुमारास आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. सोमवारी वाड्यातलं म्युझियम बंद असतं, बाकी टिळकांचं जन्मघर धावतपळत उरकलं.

खरी मजा दुसऱ्या दिवशी कशेळी गावाला, तिथलं कातळशिल्प, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेलं चित्र, बघायला. पावस, पूर्णगड करत किनाऱ्याच्या रस्त्यानं गेलो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वाळलेलं गवत, आणि मध्ये जांभ्या दगडात कोरलेला अठराएक मीटरचा हत्ती, पण आम्ही पोचलो भर बाराला आणि दिसल्या फक्त रेघा. तिथं गुरं घेऊन आलेले एक काका म्हणाले, "उन्हाचं काय दिसनार, कलत्या उन्हात या." जवळचा देवघळीचा समुद्रकडा बघून साडेचारला परत आलो तर खाचांमध्ये सावली भरलेली, आधी सोंड, मग हत्तीच्या पोटातले मासे आणि जनावरं एकेक करून वर यायला लागली, बायको तर जागची हलेना.

तर जाणाऱ्यांनी सकाळी लवकर नाहीतर चारनंतर जा, टोपी आणि पाणी मस्ट, सड्यावर सावलीला झाड नाही. चित्रावर पाय देऊ नका, बाजूनं फिरा. एसटीच्या भरवशावर राहिलात तर परतीची वेळ आधी विचारून ठेवा, आम्ही रिक्षाच दिवसभर ठरवली होती. रिक्षा-गाडी करायचीच नसेल तर उक्षीलाही हत्तीचं कातळशिल्प आहे, गावानं भोवती गोल कठडा बांधलाय, फक्त तिथं पॅसेंजर ट्रेननं जाऊन उतरावं लागतं. आणि पावसाळ्यात गाड्यांचं टाईमटेबल वेगळं असतं, ते बघूनच तिकीट काढा.